दोनशे सतराचे सुटे भाग

थुमरीतच्या तीन नंबर हँगरात
पहाटे साडेचारला काम सुरू व्हायचं,
कारण नऊनंतर पत्रा चटके देई
आणि पाना धरायला फडकं लागे.

विमानं अकरा.
उडणारी सहा.
उरलेली पाच म्हणजे आमचं दुकान.
दोनशे नऊचा पंप दोनशे चौदाला,
दोनशे चौदाचं चाक दोनशे सतराला,
याची टोपी त्याला,
आणि वहीत प्रत्येक टोपीची
तारीख, वेळ, सही.
मुराद बख्श म्हणायचा,
आमच्या गावच्या सोयरिकींतही एवढा गुंता नाही.

नाव जग्वार,
पण जूनमध्ये भरल्या टाकीनिशी
धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायचं नाही.
सोडलीच तर उपकार केल्यागत.
आणि क्षेपणास्त्र पंखाखाली नाही,
पंखावर,
पोराला खांद्यावर घेतात तसं.
नवा माणूस हमखास विचारी,
हे उलटं लावलंय का?
आम्ही म्हणायचो, हो.

मी ओझरचा.
याच जातीच्या विमानांखाली
वीस वर्षं उताणा पडून काढली, आपल्याकडे.
पेन्शन घेतली आणि इथे आलो.
पहिल्याच दिवशी दोनशे सतराच्या पोटाखाली शिरून
डाव्या चाकाच्या खोबणीत हात घातला, न बघता.
बोल्ट असायला हवा तिथेच होता.
या मुलखातली पहिली ओळख ती.
माणसांची नंतर.

सुहैल बिन मुसल्लम हे विमान उडवायचा.
डोंगरातला. घरी गाई.
तिकडे, डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला, खरीफ.
त्यांच्याकडे खरीफ म्हणजे धुकं,
आमच्याकडे बाजरी;
शब्द एकच, कधीतरी गलबतातून आलेला.
सुहैल धुक्यावरून परतला की
पंखांच्या कडा ओल्या असत.
मी बोट लावेपर्यंत वाळून जात.

त्याची एक तक्रार वहीत दर महिन्याला:
उलटं केलं की पाठीमागे
कुणीतरी टिचकी मारतं.
खाली माझ्या अक्षरात:
तपासले. आढळले नाही.
पोरं हसायची. म्हणायची, जिन्न आहे.
सुहैल हसायचा नाही,
पण उडायचा.

मग कागद आला.
नवी विमानं येणार.
जुनी खोलून खोक्यांत भरायची,
आणि खोक्यांवरच्या पत्त्यात
माझ्याच जुन्या स्टेशनचं नाव.
म्हणजे मी जिथून आलो
तिथल्या कुठल्यातरी विमानाला
आता दोनशे सतराची टोपी.
लोकांना वाटलं मला भरून येईल.
मला पाठदुखी होती, आणि चारशे लेबलं लिहायची होती.

नवव्या दिवशी, टाकीमागची पट्टी काढली
आणि आतून पाना पडला.
छोटा, दहाचा. दांड्यावर पिवळी चिकटपट्टी,
माझी खूण.

अकरा वर्षांपूर्वी हाच हरवला होता.
रात्रभर शोधला. नियम साधा:
हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही.
सकाळी उड्डाण होतं, वर पाहुणे होते.
मुरादने सलालाच्या बाजारातून तसाच एक आणला,
आम्ही त्याला पिवळी पट्टी लावली,
मी सही केली.

मुरादने माझ्याकडे पाहिलं.
वहीकडे दोघांनीही पाहिलं नाही.
तिथे लिहायला काही नव्हतंच,
‘सापडला’ ही नोंद
आधीच होती.

सुहैल त्या दुपारी आला, साध्या दिशदाशात,
दाढी आता पांढरी,
शेवटचं बघून घ्यायला.
बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.
मी काही न बोलता पाना त्याच्या हातात दिला.
त्याने तो उलटसुलट केला,
चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला,
मग उघड्या पत्र्यावर
एकदा वाजवला.
थांबला.
डोळे मिटून पुन्हा एकदा.

हाच, तो म्हणाला.