पंचेचाळीस दिवसांची पिशवी

घड उतरला की केळीचं काम संपतं.
खोड बांधावर आडवं पडतं
आत अजून निम्मी विहीर धरून.

सुभान तडवी ते रिक्षात घालून आणतो
निंभोऱ्याहून, ऊन चढायच्या आत.
विळ्यानं पदर सोडवतो एकेक,
चीक त्याच्या बाहीवर, माझ्या ॲप्रनवर.
दोन वर्षांत एकही डाग निघालेला नाही,
आणि आम्ही शोधतोय
जे वेळेवर निघून जाईल ते.

मक्याच्या स्टार्चची फिल्म दिसते छान,
साबुदाण्याच्या पापडासारखी,
मोडतेही तशीच.
म्हणून हे धागे:
सोड्यात उकळलेले, धुतलेले, पांढरे केलेले,
मग इतके बारीक, की ढवळले
तर पाणीच जरा दाट झाल्यासारखं वाटतं.

शेकडा दोन: फरक नाही.
शेकडा दहा: गाठी. धागा धाग्यालाच बिलगतो,
लग्नात माहेरची माणसं एका कोपऱ्यात बसावीत तसा.
शेकडा पाच, आणि दोन तास सावकाश ढवळणं.
डमरूच्या आकाराची पट्टी यंत्राच्या जबड्यांत,
यंत्र खेचत जातं, पडद्यावर रेघ चढते,
हंसाताई वारके चष्मा कपाळावर सारून
श्वास धरतात. काल जिथे तुटली होती
त्याच्या पुढे. अजून पुढे.
टक्.
भिंगाखाली तुटलेल्या कडेला
धागे बाहेर आलेले,
हात सुटल्यावरही बोटं तशीच राहावीत तसे.

"एवढी मजबूत करता," सुभान म्हणतो,
"तं मंग सडवता कायले?"

काय सांगू. की नर्सरीत पंचेचाळीस दिवस
केळीचं रोप हिच्यात राहील, रोज पाणी घेईल,
टेम्पोत सावद्यापर्यंत हिंदकळेल,
तोवर फाटायचं नाही,
आणि मातीत गेल्यावर हट्ट धरायचा नाही.

पहिल्या खेपेच्या साठ पिशव्या
एकविसाव्या दिवशी बुडातून गेल्या.
मुळं लोंबत होती, आम्ही बघत होतो.
दुसऱ्या खेपेच्या टिकल्या. फारच टिकल्या:
मे महिन्यात वाफा उकरला
तर सतरा नंबर जशीच्या तशी,
वर माझ्याच अक्षरातला आकडासुद्धा.

आज तिसरी खेप.
सुभाननं खुरप्यानं माती बाजूला केली,
चिमटीत काही आलं, काही आलं नाही.
एक मूळ सरळ गेलं नव्हतं;
जिथे धागा उरला होता
त्याच्या कडेकडेनं वळत गेलं होतं.

हंसाताईंनी वहीत फक्त तारीख लिहिली.
सुभान नळावर हात धूत राहिला, बराच वेळ,
सवयीनं.