मधलं अंतर

पोस्टरवर छापलं होतं: आंतरराष्ट्रीय.
मुरगाव बंदरात त्या आठवड्यात
पाच देशांची जहाजं मँगनीजसाठी खोळंबली होती,
एवढंच त्याचं कारण.
खनिजाचे ढीग मागे सारले,
शिंपल्यांच्या चुन्याने वाट आखली
तीनशे पंचाहत्तर मीटरची,
एका अंगाला किंचित उतरती, समुद्राकडे.
चार फेऱ्या. पंधराशे.

शंभर मीटर सगळ्यांना कळतात,
श्वास कोंडून एका घोटात संपवायचे.
लांबची धाव म्हणजे संसार, तीही कळते.
हे मधलं अंतर कुणाचंच नसतं:
दम राखावा तर पुढचा निसटतो,
उधळावा तर बरगडीखाली सुरी.

घंटा मिळेना.
पाद्री म्हणाले, कपेलाची घंटा मिस्सेला आणि मयताला.
दामोदराच्या देवळातली कुणी मागितलीच नाही.
शेवटी माझ्या स्टेशनावरचा रुळाचा तुकडा आणला,
काजूच्या फांदीला टांगला
आणि त्याच्या बाजूला मला.
मोजायला खिशात चार चिंचोके,
फेरी झाली की उजव्या खिशातून डाव्यात.

धावणारे सहा.
नॉर्वेचा एक भट्टीवाला, कोपरापर्यंत काळा.
मोझांबिकचा शिपाई, ज्याचं नाव
कुणी धड विचारलं नाही.
जपानी खलाशी, लिस्बनचा कारकून,
इटालियन आचारी, ज्याला सगळेच हसले.
आणि पुरसो, आमचा तारवाला.

चिखलीत कुणाचा बाप गेला,
बोगमाळोच्या कुणाचा मुलगा मोंबासाला उतरला,
सगळं पुरसोच्या पायांनी गावात पोचायचं.
अनवाणी पाय. घोट्याला काळा दोरा.
पहाटे माझ्या घंटेवर उठणारा,
रात्री शेवटच्या गाडीची ऐकून आडवा होणारा.

पहिल्या फेरीत तो पाचवा. दुसऱ्या फेरीत चौथा,
शिपायाच्या सावलीत पाऊल टाकत.
उन्हाने माझा हात घामेजला होता.
दोन चिंचोके बोटाला चिकटून एकदम आले
आणि डाव्या खिशात तीन झाले.
मी हातोडी उचलली.

भट्टीवाल्याने मान हलवली.
आचारी ओरडला, दोन बोटं दाखवत.
प्रत्येकजण मनातल्या मनात
आपापल्या भाषेत मोजत होता.
पुरसो एकटाच मोजत नव्हता.
घंटा होती की.

तो जो सुटला!
उतारावर तर पाय दिसेनात, नुसता चुना उडत होता.
बंदरावरचे हमाल पाट्या टाकून उभे राहिले.
चाळीस पावलं पुढे, छाती रेषेवर,
हात वर,
आणि पंच ओरडतो आहे, अजून एक, अजून एक.

गुडघ्यांवर हात ठेवून त्याने एकदा
काजूच्या झाडाकडे पाहिलं.
मग बाकीचे गेले त्याच्या बाजूने, एकेक.
मग तोही निघाला.
खऱ्या शेवटच्या फेरीची घंटा
मी वाजवलीच नाही. हात उचलेना.

वहीत लागलं: पाचवा.
सहावा आचारी, त्याला वाटेत उलटी झाली.

पुढे बरीच वर्षं गेली. मी पेन्शनीत,
दाबोळीच्या चढावर घर.
एका दुपारी पुरसो आला, आता चालत,
बेळगावची तार घेऊन:
मुलगी झाली, दोघी खुशाल.
सही करताना माझं पेन कागदावर अडखळलं.
पाणी दिलं, गूळ दिला,
आणि सगळं सांगून टाकलं. चिंचोके. घाम. दोनाचे तीन.

त्याने तांब्या खाली ठेवला.
म्हणाला, "घांट तुमची.
मागीर निमाणी फेरी तीच."

आणि छत्री काखेत मारून उतरला.
पिशवीत अजून दोन तारा होत्या,
एक कुडतरीकरांची, एक नुसतं नाव नसलेली.
वळणापर्यंत मी त्याची पावलं मोजली.
नंतर कुठे चुकलो, ते कळलं नाही.