चारशे बारा पावलं

जुन्या पाइकवर, एकसष्टाव्या मैलाच्या दगडापाशी
गाडीने मान टाकली.
दगड बरोबर आहे.
तीस वर्षं काउंटीसाठी रस्ते मोजले मी,
दगड खोटं बोलला तर मला कळतं.

वीडर्स कॉर्नर. एक चौक. एक दगडी खानावळ,
जिथे म्हणे गाडीवान जमिनीवरच झोपत
शेकोटीकडे पाय करून, चाकाच्या आऱ्यांसारखे.
टोलनाक्यात आता गोधड्यांचं दुकान,
पण दारावरची पाटी तशीच ठेवलीय:
घोडा आणि स्वार, चार सेंट.
वीस मेंढ्या, सहा.
चर्चला जाणारे, माफ.
प्रेतामागून जाणारे, माफ.

सकाळीच एक फोटो काढला होता मी
काळ्या बग्गीचा, मागून.
मागून काढला, म्हणून सभ्य वाटलं मला.

मोबाइल मुका.
खोगीरं शिवणाऱ्या एनोसच्या दातांत सुई,
बोटांत मेणाचा दोरा. हनुवटीनेच दाखवलं त्याने:
मक्याच्या कडेला लाकडी खोका,
परसाकडच्या खोलीएवढा,
सहा घरांत मिळून एक फोन.
घरात नको, असं ठरलंय त्यांचं;
बांधावर चालतो.
मी हसले नाही. माझ्याही घरी
काही गोष्टी अंगणापर्यंतच येतात.

आत एक स्टूल, एक वही, अडकलेली गांधीलमाशी.
भिंतीवर पेन्सिलीने नंबर:
गुरांचा डॉक्टर, दुधाचा ट्रक, सुईण.
सुईणीपाशी बोटं फिरून फिरून
फळी गुळगुळीत झालेली.

हात पुढे केला आणि तो वाजला.
सहा घरांतल्या एकाचीही मी कुणी नव्हते.
सात वेळा वाजला.
उचलला.

"सलोमाला सांगा," पुरुषाचा आवाज, धाप, मागे कुत्रं,
"एन मेडल. दोघी बऱ्या आहेत. पहाटे चार वीसला."
कोण सलोमा, विचारेपर्यंत ठेवलाही.

पुन्हा एनोस, पुन्हा हनुवटी:
पवनचक्कीचं घर.

चारशे बारा पावलं. सवयीने मोजली.
निरोप डोक्यात घोळवत चालले,
डोईवर भरली कळशी असल्यासारखी,
मेडल, मेडल, हिंदकळू नये म्हणून.

सोमवार होता. दोरीवर कपडे
जांभळे, हिरवे, काळे,
मोठ्या मापाकडून लहानाकडे उतरत गेलेले,
आणि शेवटी हातभर दोरी मोकळी.

टबात कोपरापर्यंत हात बुडवलेली ती.
"एन मेडल," मी म्हणाले. माझ्या तोंडात
तो शब्द खड्यासारखा वाजला.
ती ओरडली नाही. मोठ्याने देवाचं नावही नाही.
"किती वाजता?"
"चार वीस."
"तेव्हा मी जागी होते," ती म्हणाली,
जणू हिशेब जुळला,
आणि चादरीचं एक टोक माझ्या हाती दिलं.

पिळली आम्ही. ती एकीकडे, मी उलटीकडे,
दोघींच्या मधे बादलीभर पाणी
माझ्या बुटांवर.
बाईला ताकद होती. मला दोनदा पाय रोवावे लागले.

गॅरेजला फोन करायचा राहूनच गेला.
मग नातवाने, अझरियाने, घोडी जुंपली,
वय नऊ, वागणं पन्नाशीचं.
लेकीकडे जाताना वाटेत मला सोडतो म्हणाला.

ताशी सात मैल.
इतक्या हळू मी रस्ता फक्त मोजतानाच पाहिलाय.
सलोमाच्या मांडीवर टोपली, टोपलीत काय ते झाकलेलं,
तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
एकदाच बोलली: "पहिल्या तिन्ही पोरी
आम्हाला उशिराच कळल्या."

टोलनाका आला. पाटीवर पुन्हा नजर गेली.
निरोप नेणाऱ्याचा दर लिहिलेला नव्हता.
अझरियाने लगाम ओढला नाही.

गोधड्यांच्या दुकानाबाहेर एकाने कॅमेरा उचलला.
सलोमाने मान वळवली, सवयीने,
माशी वारावी तशी.
मीही वळवली.

बग्गी पुढे गेल्यावर त्याने मागून काढला असणार.
सभ्य माणूस.