तिसरं ओगराळं

शनिवारी सॉना तापवायचा,
हे ओउलूत कुणी ठरवत नाही, होतंच.
बाहेर उणे बावीस.
आत बाकावर मी, उघडी, एकाहत्तर वर्षांची,
तापल्या दगडांवर पाणी ओतते.
एक ओगराळं. दुसरं.
पाण्याचं नुसतं फुस्स होतं.

मांगोचीच्या दवाखान्यात
बाळंतिणीनं येताना आणायचं सगळं:
ब्लेड, दोरा, प्लास्टिकचं कापड
आणि बादलीभर पाणी.
तामांदानी आली तेव्हा बादली अर्धीच होती,
कळा देत दोन कोस
हिंदकळत आलेली.
तेवढ्यातच मी बाळ धुतलं, तेवढ्यातच माझे हात.
आधी माझे.

ते बाळ आता लिलाँग्वेत टॅक्सी चालवतं.
परवा लिंबानीनं फोन आईच्या कानाला लावून दिला.
"औने, एवढ्या थंडीत तुम्ही करता तरी काय?"
माझी चिचेवा गंजलेली. जमेल तसं सांगितलं:
घाम यावा म्हणून
दगडांवर पाणी ओततो.
ती गप्प.
मला वाटलं, लाइन तुटली.
मग हसत सुटली, खोकला येईस्तोवर,
"आणि फुटतो का गं
दगडांना पाझर?"

महिन्याला पन्नास युरो जातात तिकडे.
बँकच पाठवते,
मला आठवावंही लागत नाही.

आज तिसरं ओगराळं भरलं
आणि धरून बसले मांडीवर.
इथून कुणाच्या बादलीत ओतणार होते?
दगड निवत चालले.
पाठीवरचा घाम गार पडायला लागला.

शेवटी ओतलं.
वाफ आली.
बरं वाटलं.