गंजोबा, क्रमांक सतरा

सोळा बाय सोळा चौकटींत
एक दैवत बसवायचं आहे.
नाकाला तीन ठिपके, डोळ्यांना दोन-दोन.
रंग चार, त्यातला एक पार्श्वभूमीतच जातो.
ग्रिम्सबीत रात्रीचा दीड.
बसडेपोतून आलो की हातांचा डिझेलवास माउसला लागतो,
हेही वहीत टिपून ठेवलंय. प्रकार: वंगण. बघू.

आग, पाणी, पाला हे जुन्या खेळाचे.
आम्ही ठरवले धुकं, मीठ आणि गंज.
म्हणजे केझाया म्हणाली, मी मान डोलावली.
नकाशे तीच काढते.
गोदीवरची बंद बर्फाची फॅक्टरी तिने चार मजली केली
(खऱ्यात किती, कोण मोजतंय),
जिन्यात गुडघाभर गवत पेरलं,
पाय टाकला की त्यातून काहीतरी अंगावर येतं.
'खऱ्यातही येतं,' स्टुअर्ट म्हणाला, 'कबुतरं.'
स्टुअर्टकडे संगीत आणि भीती.
ज्यांचा मूळ खेळ, त्या कंपनीचं पत्र येईल,
सगळं पुसा म्हणतील, असं तो दर गुरुवारी म्हणतो
आणि नवी चाल पाठवतो.

नावं माझ्याकडे.
हंबरच्या मुखाशी, धुक्यात,
पोराला फिरवून फिरवून त्याच खांबाशी आणतो, तो चकवा.
केझायाने दोनदा म्हणून पाहिलं,
लिमलेटची गोळी गालात फिरवावी तसं.
ओहोटीला ज्याचे नुसते गुडघे दिसतात, तो गिऱ्हा.
आणि नांगराच्या साखळीत राहतो तो,
शेंदराच्या जागी तांबेरा चढलेला,
कुणी नारळ वाढवत नाही म्हणून जरा रुसलेला,
गंजोबा.
'हा देव की राक्षस?'
म्हटलं, आमच्याकडे ते
तुम्ही त्याला काय देता यावर असतं.

त्याच्यापुढचा एक रकाना मात्र कोराच.
मोठा कधी होतो?

जुन्या खेळात असे काही होते,
लढून लढून शंभरीला टेकले तरी तेवढेच.
दुसऱ्याच्या हाती दिले, तरच कात टाकायचे.
त्याला एक तार लागायची, आणि दुसरं यंत्र.
चिपळूणला यंत्र एकच, मामाने मस्कतहून आणलेलं,
आणि भाऊ दोन.
सम तारखा हेरंबच्या, विषम माझ्या.
एकतीसनंतर पुन्हा एक, म्हणजे मला लागोपाठ दोन दिवस,
यावरून आम्ही खरोखर रक्त काढलंय.
खेळही एकच. मी पकडलेलं तो सोडून द्यायचा.
तार कशाला लावणार, आणि कुणाला?
माझा दगडी बुटका शेवटपर्यंत बुटकाच राहिला.

हेरंब आता संगमनेरला पंपांच्या मोटारी रिवाइंड करतो.
रविवारी विचारतो, 'थंडी किती?'
मी आकडा सांगतो. तोही त्याचा सांगतो.

तर परवा रकान्यात लिहिलं: दिल्यावर.
खोडलं.
ज्याच्याकडे यंत्र एकच, त्या पोराने काय करायचं?
मग लिहिलं:
एकतीस तारीख खेळून झाल्यावर
लगेचच्या एक तारखेला
खेळ उघडायचाच नाही.
दिवसभर. हात शिवशिवले तरी.
दोन तारखेला बघावं,
साखळी सुटलेली असेल,
आणि तो उठून उभा.

'हे कुणाला सापडणारच नाही,' केझाया म्हणाली.
'सापडलं तर बिघाड म्हणून कळवतील,' स्टुअर्ट.
मी काही बोललो नाही.
बिघाड म्हणूनच कळवावं कुणीतरी,
संगमनेरहून, आकडे झाल्यावर.

आज तारीख तीस.
नाकाचा तिसरा ठिपका
अजून जागेवर बसत नाही.