चुरी

दर्यापूरच्या पुढे फाट्यावर उतरले,
तेव्हा कंडक्टरनं विचारलं,
"डाळमिलमंधी का? भांडणवाल्या बाई?"
हो म्हटलं. भांडणवालीच मी.
कोर्टानं पाठवलेली. पिशवीत एक कोरी वही,
दोन पेनं आणि घरचं पाणी,
कारण खारपाणातलं मला मानवत नाही.

बावीस वर्षांची भागी.
चौदा महिन्यांचा अबोला.
एकाच गादीवर बसून प्रल्हादराव काळमेघ
मुनीमजीला म्हणायचे, "त्यायले सांगा, बारदाना संपला,"
आणि हातभर अंतरावरचे युसूफभाई
मुनीमजीलाच म्हणायचे, "त्यायले सांगा, आयकलं."

मुनीमजी बोबडे, पासष्ट पार केलेले,
मला काट्यामागे नेऊन म्हणाले,
"बाई, मी मेलो त हे मिल बंद पडते."

दावा अकरा लाखांचा. सॉर्टेक्स मशीनचा.
न विचारता कोणी घेतलं, कर्जावर सही कोणाची.
वकिलांचे दोन गठ्ठे, सुतळीनं बांधलेले.
मी सुतळी सोडलीच नाही.

एकाला ऑफिसात बसवलं, एकाला बारदान्याच्या खोलीत.
मध्ये अंगण, चाळीस पावलं, पायाखाली तुरीचं फोल.
दोन दिवस मी ती चाळीस पावलं चालत राहिले.
इकडची शिवी अंगणातच सांडायची,
मागणी तेवढी तिकडे न्यायची.
"हे त्याले सांगू नका" म्हटलं की
ते पदराच्या गाठीत.
संध्याकाळी पदर जड व्हायचा,
पाय फोलानं पिवळे.

तिसऱ्या दिवशी एका टेबलाशी बसले दोघं.
बराच वेळ फक्त पंखा बोलला.
मग युसूफभाई, माझ्याकडे बघत:
"मशीन आली त्या दिवशी बायकोचा रिपोर्ट होता. अकोल्याले होतो.
फोन केला, अकरापर्यंत येतो म्हटलं.
नऊले नारळ फुटला.
दोन घंटे थांबला असता नारळ,
त काय सडला असता?"

प्रल्हादरावांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
"मले मालूम होतं," ते म्हणाले.
"तू येत हायेस, हे मालूम होतं मले."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही.
अकरा लाखांच्या कुठल्याच रकान्यात
ते बसत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग गळाभेट झाली.
नाही. वेगळे व्हायचं ठरलं.
फोरमन इंगोले चहा घेऊन आला होता दारात,
तो कपाकडे बघत म्हणाला,
"तुरीले तेल-पानी लावून रातभर निजू द्या लागते.
मंग दोन फाका नीट सुटतात.
घाई केली का चुरी."
कोणी त्याला विचारलं नव्हतं.
कोणी त्याला जा म्हटलं नाही.

दोन फाका व्हायला आणखी चार बैठका लागल्या.
आधी अठरा हमालांची थकलेली हमाली,
हे दोघंही एकदमच बोलले,
आणि एकदम बोललो म्हणून ओशाळले.
मिल प्रल्हादरावांकडे, मशीन आणि तिचं कर्ज धरून,
गोडाऊन आणि काटा युसूफभाईंकडे,
वरचे पैसे तीन हंगामांत.
मिलची तूर त्याच काट्यावर मोजायची का,
यावर दुपार गेली.
मोजायची, असं ठरलं. दर मात्र बाजाराचाच.

सहीच्या वेळी प्रल्हादराव सवयीनं वळले,
"मुनीमजी, त्यायले सांगा..."
थांबले.
"पेन दे," म्हणाले. समोर बघून.

फाट्यावर बसची वाट बघत होते,
मुनीमजी सायकल हाताशी धरून आले,
हँडलला पिशवी.
घेता येत नाही मला काही, म्हटलं, नियम आहे.
"डाळ नाही बाई, चुरी हाये.
चुरीचा कोनी हिशोब ठेवत नाही."

मी हात मागेच ठेवला.
ते तिथेच उभे राहिले, पिशवी तशीच हँडलला.
बस लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाले,
"आता मी दिवसभर
कोनाले काय सांगू?"