गुत्ता

पाटी गेली, खिळे अजून आहेत.
चार. एक आजोबांनी ठोकलेला,
बाकीचे त्यांच्या बापाने, लिलावात परवाना घेतला त्या साली.
असं घरात सांगतात. खिळे काही बोलत नाहीत.

अनेरकाठचं मोहझिरे.
सरकारने मोहाच्या फुलांना कायदा लावला
आणि ज्यांच्या अंगणात ती रात्रभर टपटपत
त्यांनाच ती आमच्याकडून मोजून प्यावी लागली.
आमचं घर असं उभं राहिलं.
हे आजोबा कधी मोठ्याने बोलले नाहीत.

वही मात्र जपली, लाल खारव्याची.
सही न येणाऱ्यांची तिच्यात चित्रं:
रुमसिंगचा मासा, नुऱ्याचं धनुष्य,
दगा कोळ्याची वाकडी होडी
आणि एक नुसता ठिपका.
तो कोण, आजोबांनाही आठवेना;
पण साडेतीन आणे येणे आहे त्याच्याकडून.

भिंतीवर कोळशाने: आज रोख, सकाय उधार.
सकाय काही उजाडली नाही,
वही तरी भरत गेली.

त्या बाकावर सोयरिकी जुळल्या, बैल विकले गेले,
तेरसिंग लोकांची पत्रं वाचून दाखवी,
पत्रामागे एक अद्धा,
आणि तिसऱ्या पत्रानंतर सगळ्यांचीच मुलं खुशाल असत.
भोंगऱ्याच्या हाटाला गर्दी वाढली
की आजी मागून फुटाण्यांची पाटी सरकवी.
उंबऱ्याच्या या बाजूला ती कधी आली नाही.

मग शाळेत मतदान लागलं. फक्त बायकांचं.
चिठ्ठीवर दोन बाटल्या,
एक उभी, एक आडवी.
सुजलेला डोळा पदराने न झाकता
ठगीबाई रांगेत पहिली.
शेवटून दुसरी माझी आई.

रात्री बाबांनी विचारलं,
"शिक्का कोठे मारा तू?"
आईने तव्यावरची भाकर उलटली.
"खाई ल्या. थंडी व्हयी जाई."

सात मतांनी आडवी.
तिचं एक धरलं काय, सोडलं काय.

आता तिथे गिरणी आहे. आई चालवते.
दादर, कळणाचं दळण, पट्ट्याची फटफट,
पिठाने पांढऱ्या झालेल्या तिच्या भुवया.
वैशाखात भिंत तापली की मोहाचा वास सुटतो,
मग ती दार सताड उघडं टाकते.

दळणाची उधारी तिने त्याच वहीत मांडली,
मागच्या कोऱ्या पानांवर.
रुमसिंगची नात पूर्ण नाव लिहिते, आडनावासकट.

जुनं सगळं येणं आईने एका रेघेत खोडलं.
फक्त ठिपका पुढच्या पानावर ओढून घेतला.
साडेतीन आणे.
का, ते मी विचारलं नाही.